ऑक्सफर्डमध्ये दीड दिवस: कोणती कॉलेजं पाहावीत, कोणत्या पबमध्ये बसावं?

मुक्ता_लंडन

मेच्या शेवटच्या आठवड्यात शनिवारी सकाळी लंडनहून ऑक्सफर्डला जायचंय, रात्री तिथेच मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. आम्ही पाच जण: मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू चालतील, पण जिने नकोत. शिवाय त्या कट्टर शाकाहारी आहेत. सासऱ्यांना मात्र खराखुरा जुना पब बघायचाय, आणि हातपंपाची बिअर प्यायचीय.

कॉलेजं इतकी आहेत की यादी बघूनच गरगरायला होतं. नेमकी कोणती बघावीत? बोडलियन लायब्ररी आतून बघता येते का? मुलीला पबमध्ये घेतात का? होडी स्वतः चालवायची की माणूस घ्यायचा? आणि गाडी न्यावी की ट्रेन?

---

चेरवेलकाठ

गाडीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे: नेऊ नका. हाय स्ट्रीटवर सकाळी ७.३० ते संध्याकाळी ६.३० बस-गेट असतं. खासगी गाडी तिथून गेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र घरी येतं. मध्यवस्तीतल्या काही रस्त्यांवर २०२२ पासून शून्य-उत्सर्जन क्षेत्र आहे, तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाडीला वेगळे पैसे पडतात. गाडी आणायचीच झाली तर शहराबाहेरच्या पाच पार्क-अँड-राइडपैकी एकात (पेअर ट्री, ऑक्सफर्ड पार्कवे, सीकोर्ट, रेडब्रिज, थॉर्नहिल) लावून बसने आत या.

ट्रेन पॅडिंग्टनहून साधारण तासाभरात पोचते, मेरिलबोनहून थोडा जास्त वेळ लागतो. मेरिलबोनची गाडी आधी ऑक्सफर्ड पार्कवेला थांबते. नाव बघून घाईघाईने तिथे उतरणारे बरेच असतात, तुम्ही उतरू नका. तिकीट काढताना ग्रुपसेव्ह निवडा. तीन ते नऊ जण एकत्र असले की ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी कुठलंही कार्ड लागत नाही. पण तुमच्यासाठी मी व्हिक्टोरियाहून सुटणारी 'ऑक्सफर्ड ट्यूब' ही बस सुचवेन. वेळ जास्त लागतो, शंभर मिनिटं धरा, वाहतूक असली तर त्याहून अधिक. मात्र ती थेट हाय स्ट्रीटवर सोडते. रेल्वे स्टेशनपासून कारफॅक्स चौकापर्यंत पायी पंधरा मिनिटं लागतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाची ताकद तिथेच खर्ची पडते.

आता कॉलेजं. ऑक्सफर्ड विद्यापीठाला एक फाटक, एक आवार असं काही नाही. तीन डझनांहून जास्त कॉलेजं आहेत, प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र आणि वेळापत्रकही स्वतंत्र. मेचा शेवट म्हणजे ट्रिनिटी टर्म, ऐन परीक्षांचे दिवस. या काळात बरीच कॉलेजं पाहुण्यांना घेत नाहीत, आणि जी घेतात ती बहुधा दुपारी एक-दोननंतरच. वेबसाइटवर 'खुले' दिसलं तरी फाटकातल्या पाटीवर 'आज बंद' असू शकतं. लग्न, जेवणावळ, परिषद, काहीही कारण चालतं. म्हणून त्याच दिवशी सकाळी वेबसाइट पुन्हा बघा, आणि दोन कॉलेजं ठरवली असतील तर तिसरं राखीव ठेवा. दोनच का? तिसऱ्या चौकात शिरेपर्यंत हिरवळ, चॅपल आणि हॉल हे सगळं एकसारखं दिसायला लागतं.

माझी निवड मॅग्डालेन आणि न्यू कॉलेज. मॅग्डालेन लिहितात तसं म्हणत नाहीत, तिथे उच्चार 'मॉडलिन' आहे. बसमध्ये विचारताना उपयोगी पडेल. स्थापना १४५८ ची. मागे कॉलेजचं स्वतःचं हरणांचं रान आहे, आणि चेरवेल नदीच्या फाट्यांमधून कुरणाला वळसा घालणारी ॲडिसन्स वॉक नावाची पायवाट. ती सपाट आहे, सावली भरपूर आहे. सासूबाईंना सगळ्या शहरात यापेक्षा सुखाची जागा मिळणार नाही. कुरणातली जांभळी ठिपक्यांची फ्रिटिलरी मात्र एप्रिलमध्येच फुलून जाते, मेअखेरीस ती शोधत बसू नका.

न्यू कॉलेज नावानेच नवं, स्थापना १३७९ ची. त्याच्या बागेत शहराची मध्ययुगीन तटबंदी जवळजवळ अखंड उभी आहे. क्लॉइस्टरमध्ये, म्हणजे कमानींच्या ओवरीने वेढलेल्या चौकात, एक जुना सदाहरित ओक आहे. हॅरी पॉटरच्या चौथ्या चित्रपटात तो दिसतो, त्यामुळे मुलीला सांगायची गरज पडणार नाही. फाटक ऋतूप्रमाणे बदलतं: उन्हाळ्यात न्यू कॉलेज लेनकडून प्रवेश, हिवाळ्यात हॉलिवेल स्ट्रीटकडून. चुकीच्या फाटकावर गेलात तर भिंतीला वळसा घालून यावं लागतं.

क्राइस्ट चर्च सगळ्यांत प्रसिद्ध, सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत गर्दीचं. तिकीट मोठ्या माणसाला वीस पौंडांच्या आसपास जातं, वेळ ठरवून आधी काढावं लागतं, आणि हॉल दुपारच्या जेवणासाठी बंद ठेवतात. लोक नेमके त्याच वेळी पोचतात आणि ज्या हॉलसाठी पैसे मोजले तोच बघायला मिळत नाही. त्यात, हॅरी पॉटरच्या चित्रपटातला जेवणाचा हॉल स्टुडिओत उभारलेला आहे, इथल्या हॉलच्या धर्तीवर. प्रत्यक्ष चित्रण झालं ते हॉलकडे जाणाऱ्या दगडी जिन्यावर.

यावर एक उपाय आहे. कॉलेजचं चॅपल हेच शहराचं कॅथीड्रल आहे. टर्म चालू असताना तिथे संध्याकाळी सहाला इव्हनसाँग, म्हणजे गायनासह सायंप्रार्थना असते. प्रवेश फुकट, धर्माची अट नाही. वीस मिनिटं आधी सेंट ॲल्डेट्स रस्त्यावरच्या टॉम टॉवरखालच्या फाटकापाशी जा आणि पहारेकऱ्याला इव्हनसाँगसाठी आलोय एवढं सांगा. त्या मोठ्या चौकातून चालत आत जाता येतं आणि पाऊण तास उत्तम गायन ऐकता येतं. फोटो काढायचे नाहीत, मध्येच उठायचं नाही. निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक कॅथीड्रलच्या वेबसाइटवर बघून घ्या, कारण गायकवृंदाला सुट्टीचे दिवस असतात.

बोडलियन: वाचनालय म्हणून आत सोडत नाहीत, पण गाइडबरोबर नेतात. अर्ध्या तासाची, तासाची आणि दीड तासाची अशा फेऱ्या आहेत. अर्ध्या तासाच्या फेरीत डिव्हिनिटी स्कूल (धर्मशास्त्राचं जुनं दालन) आणि वरचं ड्यूक हम्फ्रीचं वाचनालय होतं. तिथे जिना आहे. सासूबाईंसाठी नुसत्या डिव्हिनिटी स्कूलचं स्वतंत्र तिकीट घ्या, ते दोन-तीन पौंडांतलं काम आहे आणि दालन तळमजल्यावर आहे. त्या छतावर दगडात कोरलेल्या ४५५ गाठी आहेत: आद्याक्षरं, ढाली, चेहरे. जमिनीकडे बघत चालणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही, तेव्हा बाकावर बसून मान वर करा. समोरचा गोल घुमटाचा रॅडक्लिफ कॅमेरा ही अभ्यासिका आहे. फक्त मोठ्या फेरीतच तिथे नेतात. शनिवारच्या फेऱ्या लवकर भरतात, आठवडाभर आधी बुकिंग करा.

रॅडक्लिफ स्क्वेअरमध्ये गोटे बसवलेले आहेत. गुडघ्यांना ते त्रास देतात. मधून चालू नका, कडेच्या सपाट फरशीवरून चाला.

उंचावरून शहर बघायचं तर सेंट मेरी चर्चचा मनोरा सर्वांत चांगला. १२७ पायऱ्या, वरच्या टप्प्यात जिना इतका अरुंद की वर जाणारा आणि उतरणारा एकमेकांना अंग चोरून वाट देतात. कारफॅक्स टॉवरला ९९ पायऱ्या आहेत, पण रॅडक्लिफ कॅमेरा पायाशी दिसतो तो फक्त सेंट मेरीवरून. सासूबाईंना वेस्टगेट या खरेदी-संकुलाच्या गच्चीवर न्या. लिफ्ट आहे, पैसे लागत नाहीत आणि बहुतेक शिखरं तिथून दिसतात.

---

अर्धा_पाइंट

पबचं खातं माझ्याकडे.

वेळेपासून सुरुवात करू. शनिवारी संध्याकाळी सातला मध्यवस्तीतल्या जुन्या पबमध्ये पाच जणांना बसायला जागा मिळणं कठीण. दुपारी साडेतीन ते साडेपाच ही वेळ साधा: जेवणारे उठलेले असतात, संध्याकाळचे यायचे असतात. मुलीचा प्रश्नही त्यातच सुटतो. मोठ्यांबरोबर मुलांना बहुतेक पब दिवसा घेतात, संध्याकाळी आठ-नऊनंतर काही ठिकाणी बाहेर काढतात. नियम प्रत्येक पबचा वेगळा, दारावर लिहिलेला असतो. ती काउंटरपाशी उभी राहिली नाही म्हणजे झालं.

टर्फ टॅव्हर्न चुकवू नका, पण शोधावा लागतो. हर्टफर्ड कॉलेजच्या पुलाखालून न्यू कॉलेज लेनमध्ये शिरा. लगेच डावीकडे सेंट हेलेन्स पॅसेज नावाची दोन माणसं जेमतेम मावतील एवढी बोळ आहे, ती थेट पबच्या अंगणात उतरते. हॉलिवेल स्ट्रीटवरून बाथ प्लेसमधूनही येता येतं. छत ठेंगणं, तुळया कपाळाच्या उंचीवर. उंच माणसाने आधी मान वाकवावी, मग बिअर मागावी. अंगण जुन्या तटबंदीला टेकलेलं आहे, जागा तिथेच धरा. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक ऑक्सफर्डला शिकत असताना १९५४ मध्ये त्यांनी अडीच पाइंट बिअर ११ सेकंदांत संपवली होती, त्याची पाटी इथे मिरवतात.

बेअर इन हा अल्फ्रेड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा एवढासा पब. भिंतीवर आणि छताला काचेच्या पेट्यांमध्ये टायांचे कापलेले तुकडे आहेत, साडेचार हजारांच्या वर. १९५० च्या दशकात मालकाने टायचं टोक कापून देणाऱ्याला अर्धा पाइंट फुकट द्यायला सुरुवात केली, त्याचा हा संग्रह. क्लब, शाळा, रेजिमेंट अशी ओळख असलेले टायच तो घ्यायचा. सासऱ्यांना चष्मा न विसरता न्या. बाहेर १२४२ हे साल दिसेल. ते मूळच्या बेअर इनचं आहे. ती मोठी धर्मशाळा हाय स्ट्रीटवर होती, आजची वास्तू सतराव्या शतकातली.

ब्रॉड स्ट्रीटवरचा व्हाइट हॉर्स ब्लॅकवेल्स पुस्तकदुकानाच्या दोन दारांमध्ये चेपलेला आहे, पाच जणांना टेबल मिळाल्यास नशीब म्हणा. किंग्ज आर्म्स (१६०७) कोपऱ्यावर, खोल्या बऱ्याच, विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही येतात. जागेची खात्री हवी असेल तर हाच.

ईगल अँड चाइल्डचं नाव सगळ्या जुन्या गाइडबुकांत आहे, कारण टॉल्किन आणि सी. एस. लुईस या लेखकांचा कंपू तिथे बसायचा. २०२० मध्ये त्याला कुलूप लागलं, मग मालकी बदलली आणि नूतनीकरण निघालं. उघडल्याची खात्री केल्याशिवाय तिथवर चालत जाऊ नका. समोरचा लॅम्ब अँड फ्लॅग २०२१ मध्ये बंद पडला होता, तो २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडला. त्या मंडळींनी पुढे आपला मुक्काम तिथेच हलवला होता, म्हणून हा पर्यायही अस्सल आहे.

आता रीतभात. टेबलावर बसून वाट बघाल तर कोणी येणार नाही. काउंटरवर जायचं, सगळ्यांची मागणी एकदम सांगायची, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी असते. कोण कधी आलं हे बारवाल्याच्या डोक्यात असतं आणि शेजाऱ्याच्याही. नोट हलवायची नाही, चुटकी तर अजिबात नाही. कोणी गिनेस घेणार असेल तर ते सगळ्यांत आधी सांगा, कारण ते दोन टप्प्यांत भरतात आणि मधे स्थिरावू देतात. जेवण मागवायचं तर टेबलाचा नंबर बघून मगच काउंटरवर जा. बिअरवर टिप नसते. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावलंय का ते तपासा.

सासऱ्यांना जी हवी आहे ती कास्क एल. पिंपातच तिचं शेवटचं आंबवणं होतं, गॅस वरून भरत नाहीत, आणि ती हातपंपाने वर ओढतात. तळघराच्या थंडाव्यात, म्हणजे ११ ते १३ अंशांवर देतात. आपल्याकडच्या बर्फगार लागरची सवय असलेल्याला पहिला घोट कोमट आणि बिनफेसाचा वाटतो. तो दोष नाही, तशीच असते. बर्फ मागू नका. 'बिटर' किंवा 'बेस्ट बिटर' म्हणून मागितली तर ३.५ ते ४.५ टक्क्यांची मिळेल, सुरुवातीला तीच बरी. निवड होत नसेल तर चव बघायला घोटभर मागता येतं, फुकट देतात. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. बिअरला व्हिनेगरसारखा आंबट वास आला किंवा ती गढूळ आली, तर ग्लास जवळपास भरलेला असतानाच परत न्या आणि शांतपणे सांगा, बदलून देतात. अर्धा पिऊन तक्रार केली तर कोणी ऐकत नाही.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. किंमत पाच-साडेपाचपासून सात पौंडांपर्यंत. हाफ मागण्यात कमीपणा काहीच नाही. दोन-तीन प्रकार चाखायचे तर तोच शहाणपणा. तरुण दिसणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवा. पंचविशीच्या आत वाटणाऱ्या प्रत्येकाला विचारण्याची पद्धत आहे आणि भारतीय लायसन्स चालेलच असं नाही.

---

मुक्ता_लंडन

दोघांचेही आभार. सासूबाईंच्या खाण्याचं काय? चिप्स तरी मिळतील ना? आणि त्यांनी शँडी (लेमोनेड घातलेली बिअर) घोटभर चाखली तर?

---

अर्धा_पाइंट

चिप्स मिळतील, पण विचारून. बऱ्याच पबमध्ये मासे आणि चिप्स एकाच कढईत तळतात. "वेगळा फ्रायर आहे का?" एवढा एकच प्रश्न विचारायचा. मेन्यूत शाकाहारीसाठी व्ही, व्हीगनसाठी व्हीजी लिहिलेलं असतं. व्हीजी निवडलं तर अंडंही सुटतं.

फसायला होतं ते रविवारच्या रोस्टमध्ये, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणात. त्याऐवजी मिळणारा सुक्यामेव्याचा नट रोस्ट शाकाहारी असतो, पण बाजूचे बटाटे कधी बदकाच्या किंवा गाईच्या चरबीत भाजलेले, यॉर्कशर पुडिंगही तसंच, आणि वरची ग्रेव्ही मांसाच्या रसाची. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, तो चीज टोस्टवरही घालतात. तेव्हा प्रत्येक घटक वेगळा विचारा. शनिवारी दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होऊन सहाला उघडणारे पबही आहेत. साडेतीनला बसणार असाल तर जेवण आधी उरकून घ्या. कव्हर्ड मार्केट (१७७४ पासून) जवळच आहे, छताखाली आहे आणि तिथे प्रत्येकाला आपापलं घेता येतं.

शँडीबद्दल: पारंपरिक कास्क एल नितळ करायला आयझिंग्लास वापरतात. तो माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढतात. गाळ तळाशी घेऊन बसतो, पण शाकाहाराच्या हिशेबात बसत नाही. ॲलर्जीच्या यादीत मासे म्हणून याची नोंद करायची सक्ती नसल्यामुळे मेन्यू बघून कळणार नाही. 'अनफाइन्ड' किंवा व्हीगन लिहिलेली बिअर असेल तर ती चालेल. नाहीतर लाइम-सोडा किंवा एल्डरफ्लॉवर या फुलांचं सरबत मागवा, मुलीलाही तेच. जिंजर बिअर मागताना बिनदारूची आहे ना हे विचारा, दोन्ही प्रकार मिळतात. नळाचं पिण्याचं पाणी मागितलं की फुकट देणं परवान्याच्या अटीतच आहे.

---

पायवाट

पंटिंगचं कोणी बोललं नाही म्हणून.

पंट म्हणजे सपाट तळाची लांबट होडी, बांबूसारख्या लांब काठीने तळ रेटून पुढे न्यायची. मॅग्डालेन पुलाखाली तासाच्या भाड्याने मिळते. अनामत आणि ओळखपत्र लागतं. एका पंटमध्ये पाच जण, चालवणारा धरून, म्हणजे तुम्ही बरोबर मावता. पण सासूबाईंना हलत्या होडीत उतरवायचं आणि नवशिक्याने काठी धरायची हे दोन्ही एकदम नको. नावाडी घ्या, किंवा सासू-सासरे ॲडिसन्स वॉकवर आणि तुम्ही तिघं पाण्यात. शनिवारी दुपारी दोननंतर रांग लागते, होडी अकराच्या आसपास घ्या.

स्वतः चालवणार असाल तर: ऑक्सफर्डला मागच्या उघड्या टोकाशी, होडीच्या आत उभं राहायचं. केंब्रिजवाले दुसऱ्या टोकाच्या फळीवर चढतात, त्यांचे व्हिडिओ बघून तसं करू नका, ती फळी निसरडी असते. काठी होडीला अगदी लागून सरळ उभी सोडायची, तळाला टेकेपर्यंत हातातून घसरू द्यायची, मग हातांनी चढत गेल्यासारखं रेटायचं. उचलण्याआधी मनगटाने पीळ द्यायचा, म्हणजे चिखलातून ती मोकळी होते. मोकळी झाल्यावर लगेच पाण्याबाहेर काढू नका. मागे पाण्यात तरंगती ठेवा, ती सुकाणूचं काम करते. उजवीकडे वळायचं तर काठीचं टोकही उजवीकडे.

लोक पडतात ते एकाच कारणाने. काठी चिखलात रुतते, होडी पुढे जाते आणि हात काठी सोडत नाही. रुतली की सोडून द्या. होडीत छोटं वल्हं ठेवलेलं असतं, त्याने मागे येऊन काठी काढा. वल्हं आहे की नाही हे निघण्याआधी बघा. काठावरच्या फांद्यांखाली जाताना काठी आडवी धरा.

वरच्या अंगाला शांतता हवी असेल तर बार्डवेल रोडचं चेरवेल बोटहाउस. तिथून उत्तरेला ओल्ड मार्स्टनच्या व्हिक्टोरिया आर्म्स पबपर्यंत जाता येतं, काठावर होडी बांधायची सोय आहे. मॅग्डालेन पुलाहून त्याच पबला निघालात तर वाटेत पार्सन्स प्लेझरपाशी बंधारा येतो आणि होडी रुळांवरून ओढून पलीकडे न्यावी लागते. पाण्याने भरलेली पंट किती जड असते ते तिथे कळतं.

शनिवार टर्मच्या पाचव्या आठवड्यातला निघाला तर समर एट्स चालू असेल. बुधवार ते शनिवार, कॉलेजांच्या होड्यांच्या शर्यती. नदी अरुंद, शेजारी-शेजारी वल्हवायला जागा नाही, म्हणून होड्या एकामागे एक दीड होडीच्या अंतराने सुटतात आणि पुढच्याला धडकायचं असतं. क्राइस्ट चर्च मेडो या कॉलेजच्या कुरणामधून नदीकाठी गेलात की फुकट बघता येतं, मेडोच्या फाटकाला तिकीट नाही. त्या दिवशी फॉली पुलाजवळच्या हेड ऑफ द रिव्हर पबकडे मात्र फिरकू नका.

रविवारी सकाळी पोर्ट मेडो. जेरिको भागातल्या वॉल्टन वेल रोडवरून कुरणात उतरायचं, मेडलीच्या पुलावरून थेम्स ओलांडायची (इथे तिला आयसिस म्हणतात) आणि पलीकडच्या काठाने उत्तरेकडे. पहिला पब बिन्सीचा पर्च, गवताने शाकारलेला. तिथून पुढे गॉडस्टोच्या मठाचे अवशेष आणि लगेच वुल्व्हरकोटचा ट्राउट, बंधाऱ्याच्या पाण्याकाठी. एका अंगाने पावणेचार किलोमीटर धरा. सगळं सपाट आहे, पण गायी-घोडे मोकळे चरतात आणि त्याच्या खुणा वाटेवर असतात, चांगले बूट घाला. सासूबाईंनी शहरातून ६ नंबरच्या बसने वुल्व्हरकोटला यावं आणि तुम्ही ट्राउटमध्ये भेटावं. रविवारच्या जेवणाला टेबल आधी राखून ठेवा, पाच जणांना आयत्या वेळी मिळणार नाही. लुईस कॅरलने १८६२ च्या ४ जुलैला मुलींना ॲलिसची गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती याच गॉडस्टोकडे येणाऱ्या होडीफेरीत.

---

ग्रंथकीटक

वरचं सगळं ठीक, पण फुकटातली सर्वांत मोठी चीज राहून गेली: म्युझियमं. ॲश्मोलियनला लिफ्ट आहे, बसायला बाक आहेत, तिकीट नाही. पाऊस आला तर सासूबाईंसाठी ती पहिली जागा. गाय फॉक्सचा कंदील आणि 'मसीहा' नावाचं स्ट्रॅडिव्हेरियसचं व्हायोलिन तिथेच आहे. पार्क्स रोडवरच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डोडोच्या डोक्याचे अवशेष आहेत, आणि त्याच्या मागच्या दारातून पिट रिव्हर्समध्ये जाता येतं. तिथे वस्तू देशवार नाही, प्रकारवार मांडल्या आहेत: सगळी वाद्यं एकत्र, सगळी कुलपं एकत्र. उजेड मुद्दाम मंद. चौदा वर्षांच्या मुलीला कॉलेजांपेक्षा हे जास्त आवडेल, पैज लावतो.

आपल्या माणसांसाठी एक छोटी फेरी. ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोकाला वर बघा, एका गोल कोपऱ्याच्या इमारतीवर हत्तीचं वातकुक्कुट फिरताना दिसेल. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट, संस्कृत कोशकार मोनियर-विल्यम्स यांनी उभी केलेली, १८८३ मध्ये पायाभरणी झाली. आत जाता येत नाही, पण बाहेरची कोरीव कामं रस्त्यावरून दिसतात. तिथून पाच-सात मिनिटांवर सेंट क्रॉस चर्चशेजारी हॉलिवेल दफनभूमी आहे. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणारे मॅक्स म्युलर तिथे आहेत. दफनभूमी मुद्दाम रानटी वाढू दिली आहे, कबर शोधायला वेळ हाताशी ठेवा. वुडस्टॉक रोडवरचं सॉमरव्हिल हे कॉर्नेलिया सोराबजी यांचं कॉलेज. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ मध्ये त्यांनी इथे कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, ती देणारी पहिली स्त्री. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं.

ब्लॅकवेल्स शनिवारीच उरका. इंग्लंडात मोठी दुकानं रविवारी कायद्याने सहाच तास उघडी असतात. बाहेरून घर दिसतं तेवढंच, पण तळघरातलं नॉरिंग्टन दालन शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजच्या जमिनीखाली पसरलेलं आहे, दहा हजार चौरस फूट.

चेरवेलकाठ यांच्याशी एका बाबतीत माझं जुळत नाही. क्राइस्ट चर्च सोडा म्हणणं मुलीवर अन्याय आहे. तिला तो जिना बघायचाच असेल तर दोघींचंच तिकीट काढा, शनिवारची पहिली वेळ घ्या. बाकीच्यांनी मेडोत बसावं.

---

चेरवेलकाठ

मान्य. पहिली वेळ घेतली तर हॉल बंद होण्याआधी होऊन जाईल. फक्त रविवारवर ढकलू नका, त्या दिवशी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पाहुण्यांना उशिरा घेतात. सेंट मेरीचा मनोराही रविवारी दुपारपासूनच.

---

मुक्ता_लंडन

सामान कुठे ठेवायचं? शनिवारी हॉटेलची खोली तीनला मिळणार आहे.

---

पायवाट

हॉटेलातच. खोली तयार नसली तरी स्वागतकक्षात बॅगा ठेवून घेतात, रविवारी खोली सोडल्यावरही. रेल्वे स्टेशनवर लॉकर नाहीत, आणि मोठ्या बॅगा घेऊन कॉलेजात किंवा म्युझियममध्ये सोडत नाहीत. हॉटेल लांबचं असेल तर मुख्य रस्त्यावरच्या दुकानांतून तासांच्या हिशेबाने बॅगा ठेवायची सोय ॲपवरून मिळते, पण दुकान किती वाजता बंद होतं ते बघूनच बुक करा.

---

अर्धा_पाइंट

आणि शनिवारी रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना सेंट ॲल्डेट्सवर या. टॉम टॉवरची घंटा रोज ९.०५ ला १०१ ठोके देते. ऑक्सफर्डचं सूर्यावरचं जुनं घड्याळ ग्रीनिचच्या पाच मिनिटं मागे होतं, म्हणजे त्या हिशेबाने हे नऊच. एके काळी कॉलेजांची फाटकं या ठोक्यांवर बंद व्हायची. मेअखेर उजेड तेव्हाही असतो, आणि बेअर इन तिथून चार मिनिटांवर आहे.